धक्क्यावर आमचं माणूस आहे!

"नाव काय, मी एकट्यानेसुद्धा नेली असती!" असं कप्तान भर समुद्रात बोलून गेले, आणि तिथेच सगळं बिनसलं.

कप्तान म्हणजे टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. ही पदवी त्यांना कुणी दिलेली नव्हती, त्यांनीच घेतली होती. आयुष्यभर फायलींना फिती बांधल्यामुळे गाठींतलं आपल्याला सगळं कळतं, अशी त्यांची ठाम समजूत. निवृत्तीनंतर त्यांनी शिडाची छोटी नाव घेतली आणि बायकोला घेऊन लांबच्या सफरीला निघाले. बायको निवृत्त मुख्याध्यापिका. सगळं जग त्यांना बाई म्हणे. शिडं बांधणं, हवामान बघणं, स्वयंपाक, औषधं आणि धक्क्याला लागताना दोर झेलणं एवढी किरकोळ कामं बाईंकडे होती. बाकीचं सगळं, म्हणजे सूचना देणं, कप्तानांकडे.

तर "एकट्यानेसुद्धा" हा शब्द बाईंनी नीट ऐकून घेतला. त्या चिडल्या नाहीत. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेली बाई चिडत नसते, ती शिक्षा ठरवते.

"बरं," त्या म्हणाल्या. "पुढच्या बंदरात आठवडाभर मुक्काम करू. तिथून बहिणीकडे जायला विमान आहे. मला न हलणाऱ्या पलंगावर पोटभर झोपायचंय. तेवढ्यात तुम्ही नावेला हात लावला नाहीत, तर पुढे येईन. लावलात, तर मी विमानात आणि तुम्ही एकटे. न्या मग!"

कप्तान हसले, पण वरवर. खरं सांगायचं तर बाईंशिवाय त्यांना चहाची साखरसुद्धा सापडत नसे.

बंदरात गर्दी होती. धक्क्याला जागा नव्हती, म्हणून रिवाजाप्रमाणे नावा एकमेकींना बांधलेल्या. धक्क्याला लागून एका कोळ्याची बोट, तिच्या अंगाला एका दंतवैद्यांची नाव, आणि त्यांच्याबाहेर कप्तानांची. सगळ्यांत बाहेरच्या नावेने पुढून एक आणि मागून एक असे दोन लांब दोर धक्क्याच्या खुंटांना बांधायचे, की सगळी माळ जागच्या जागी राहते. बाईंनी ते बांधले, इंजिनाची चावी गळ्यात अडकवली आणि धक्क्यासमोरच्या बेकरीच्या वर खोली घेऊन त्या झोपल्या. दुसऱ्या दिवशी फक्त कूस बदलली. तिसऱ्या दिवशी सकाळी कप्तान पाव आणायला म्हणून खाली उतरले, आणि पाय आपोआप नावेकडे वळले. नुसतं बघायला!

बघतात तर कोळ्याला बाहेर पडायचं होतं, आणि दंतवैद्य आपल्या नावेत घोरत होते.

"बाहेरची नाव तुमची ना?" कोळ्याने विचारलं. "जरा सैल करता का? मागचा दोर सोडा, पुढचा राहू द्या. मी निघालो की परत ओढून घ्या."

आता याला काय नावेला हात लावणं म्हणायचं? हा तर शेजारधर्म! कप्तान टुणकन नावेवर चढले.

"एकच कशाला? दोन्ही सोडू. ऐसपैस निघा!"

"दोन्ही? मग दोर धरायला धक्क्यावर कोण?"

"आहे ना आमचं माणूस!" कप्तान म्हणाले.

हे ते खोटं बोलले नाहीत हो. सवयीने बोलले. एवढ्या सफरीत ते धक्क्याकडे पाठ करून, सुकाणूवर नजर ठेवून खांद्यावरून दोर फेकत आणि ओरडत, "घे गं!" मागून लगेच आवाज येई, "घेतला!" मागे वळून बघण्याची वेळच कधी आली नव्हती.

कप्तानांनी दोन्ही दोर सोडून नावेवर ओढून घेतले, आणि कोळी दंतवैद्यांच्या नावेची गाठ सोडून निघून गेला. कप्तानांनी छाती काढली, दोराचं वेटोळं उचललं आणि खांद्यावरून भिरकावलं.

"घे गं!"

मागून आवाज आला, "डुबुक."

कप्तान वळले. धक्क्यावर एक मांजर होतं, आणि ते अंग चाटत होतं. बाई वर पलंगावर होत्या. आणि धक्का हळूहळू, अगदी सभ्यपणे, लांब चालला होता!

चावी बाईंच्या गळ्यात. शीड उघडावं, तर त्यावर बाईंनी मारलेल्या गाठी, आणि त्या टपाल खात्याच्या बापाला सुटेनात! शेजारच्या नावेवर दंतवैद्य जागे झाले. खांद्यावर टॉवेल, तोंडात ब्रश, डोळे अर्धे मिटलेले. रोजच्यासारखे ते आंघोळीला धक्क्यावर जायला निघाले आणि रोजच्याच जागी त्यांनी पाऊल टाकलं.

"थांबा!" कप्तान ओरडेपर्यंत आंघोळ सुरू झाली होती.

"धक्का कुठे नेलात?" पाण्यातून दंतवैद्यांनी पहिला प्रश्न केला.

"तुमची चावी द्या! इंजिन सुरू करतो!"

"पायजम्याच्या खिशात होती!" दंतवैद्यांनी खिसा चाचपला. "होती!"

"मग आता?"

"नांगर टाका, नांगर!"

कप्तानांनी नांगर टाकला. तो दंतवैद्य चढत असलेल्या शिडीत अडकला, आणि शिडी, नांगर, दंतवैद्य तिघेही पुन्हा खाली गेले. नांगराचं दुसरं टोक नावेला बांधायचं राहूनच गेलं होतं.

इतक्यात प्रवाशांनी भरलेली फेरीबोट आत शिरली. तिच्या थांब्यासमोर या दोन नावा हातात हात घालून फिरायला निघालेल्या. फेरीबोटीने असा भोंगा वाजवला की सगळ्या बंदराच्या खिडक्या उघडल्या.

"तुम्ही नेमके कुठे निघालात?" कर्ण्यातून विचारणा झाली.

"कुठेच नाही! आम्ही मुक्कामाला आहोत!" कप्तान ओरडले.

आणि मग बेकरीवरची खिडकी उघडली. कप्तानांनी ते बघितलं, आणि फेरीबोटीपेक्षा त्या खिडकीचीच भीती त्यांना जास्त वाटली. संपलं! आता विमान! त्यांचा धीर सुटला. सगळ्या बंदरासमोर, लाजलज्जा सोडून, ते रडवेल्या आवाजात ओरडले, "अगं, घे गं!"

बाई झोपेच्या गाउनवर शाल घेऊन फेरीच्या थांब्यावर आल्या. नावा तेव्हा तिथूनच वाहत चालल्या होत्या.

"अहो, दुसरा दोर घ्या! माझ्याकडे बघून टाका!"

कप्तानांनी नीट बघून, नेम धरून टाकला. दोर नुकत्याच वर आलेल्या दंतवैद्यांच्या गळ्यात पडला.

"राहू द्या!" बाई म्हणाल्या. "पाठ करा!"

कप्तानांनी दोर सोडवला, पाठ केली, डोळे मिटले आणि खांद्यावरून भिरकावला.

"घेतला!"

तो शब्द ऐकून कप्तानांच्या डोळ्यांत पाणी आलं. फेरीबोटीवर टाळ्या पडल्या, त्या कुणासाठी हे त्यांनी विचारलं नाही.

तासाभराने खोलीत दोघं चहाला बसले. खाली दंतवैद्य कुणाला तरी मोठमोठ्याने सगळं सांगत होते. कप्तानांनी बराच वेळ बशीत फुंकर मारली.

"मग... विमान?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाही जात. पुढे येतेय मी."

कप्तानांचा चेहरा फुलला. "मला ठाऊकच होतं! अगं, शेवटी मला एकट्याला सोडून जायला तुझं मन..."

"मनाचं सोडा हो," पावाचा तुकडा मोडत बाई म्हणाल्या. "तुम्हाला एकट्याला पाठवायला, पुढच्या बंदरातल्या लोकांनी माझं काय घोडं मारलंय?"