नगराध्यक्ष पहिल्याच आग्रहाला "हो" म्हणाले

मिनेसोटातल्या सोल्विक गावचे नगराध्यक्ष वर्लिन स्कोगस्टाड यांनी ऐन निवडणुकीच्या तोंडावर, चर्चच्या तळघरात, भरल्या पंगतीत, जबाबदार पदावरच्या माणसाला मुळीच न शोभणारा शब्द उच्चारला. तो शब्द "हो" असा होता.

प्रसंग तसा घरगुती होता. सप्टेंबरअखेरचं सुगीचं जेवण होतं आणि वर्लिन त्याला सकाळपासूनच्या उपाशी पोटी आला होता. कारण दिवसभर तो नगरपरिषदेच्या बर्फगाडीखाली उताणा पडून होता. रस्त्यावरचा बर्फ सारणारी ही गाडी इतकी म्हातारी की तिचे सुटे भाग आता एखाद्या वस्तुसंग्रहालयातच मिळाले असते. मागच्या हिवाळ्यात तिने भर वादळात मान टाकली आणि टेकडीवरची निम्मी वस्ती कित्येक दिवस घरातच अडकून पडली. वर्लिनची लेक कर्स्टन त्याच टेकडीवर राहते, आणि यंदा ती गरोदर होती. दिवस भरणार होते नोव्हेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे पहिला बर्फ पडतो तेव्हाच. म्हणून वर्लिन या निवडणुकीत घसा कोरडा करून एकच गोष्ट सांगत सुटला होता : राज्य सरकार अनुदान देतंय, नवी बर्फगाडी घेऊ. लोक माना डोलवत होते. वर्लिन निवडून येणार हे इतकं पक्कं होतं की त्याच्या विरोधात उभा राहिलेल्या डुएन लिंडगार्डने स्वतःच्या अंगणातसुद्धा स्वतःच्या नावाची पाटी लावली नव्हती.

तर जेवणं झाली आणि ट्रेमध्ये लिंबाची एकच वडी उरली. आता शेवटची वडी ही सोल्विकमध्ये खायची वस्तू नव्हे, ती आग्रहाची वस्तू आहे. वाढणारी बाई विचारते, पाहुणा नको म्हणतो. ती पुन्हा विचारते, तो पोटावर हात फिरवून नको म्हणतो. तिसऱ्यांदा विचारल्यावर "आता वायाच जाणार असेल तर द्या अर्धी" असं म्हणून तो अर्धी घेतो. मग उरलेल्या अर्धीची अर्धी दुसरा कुणी घेतो, तिचीही अर्धी तिसरा. अशी निम्मी निम्मी होत ती वडी डोळ्यांना दिसेनाशी होते, पण संपवल्याचा ठपका कुणावर येत नाही. गावाची सगळी सभ्यता या वडीवर उभी आहे.

लव्हॉन ब्यर्केबाईंनी ट्रे वर्लिनपुढे धरला आणि विचारलं, "वर्लिन, घेतोस का ही?"

"हो, द्या की," वर्लिन म्हणाला. घेतली. अख्खी घेतली. आणि खाऊन टाकली.

कॉफीचे कप हवेतच थांबले. लव्हॉनबाईंच्या ओठांवर दुसरा आग्रह तयार होता, मागे तिसराही उभा होता. बिचाऱ्या दोन्ही आग्रह गिळून मटकन खुर्चीत बसल्या. पाद्रीबुवा छत न्याहाळू लागले. कोपऱ्यातून कुणीतरी हळूच म्हणालं, "भूक छान लागलेली दिसते." इतकं जहरी बोलणं त्या तळघरात यापूर्वी कुणी ऐकलं नव्हतं.

अर्थातच कुणाच्या तरी फोनमध्ये हे सगळं टिपलं गेलं होतं. सकाळपर्यंत ती चित्रफीत गावभर झाली, आणि गुरुवारी गावच्या साप्ताहिकाने पहिल्या पानावर मथळा छापला : "नगराध्यक्ष 'हो' म्हणाले". खाली निवृत्त मुख्याध्यापकांचं विश्लेषण होतं. जो माणूस भरसभेत, सगळ्यांदेखत, एका आग्रहात विरघळतो, तो बंद दाराआड कशाकशाला हो म्हणत असेल, असा गंभीर प्रश्न त्यांनी उपस्थित केला होता. त्याच पानावर वाचकांसाठी वडीचा फोटोही होता. खाण्याआधीचा.

डुएनची प्रतिक्रिया घ्यायला साप्ताहिकाचा माणूस गेला, तेव्हा डुएन पानं गोळा करत होता. तो दाताळं खाली ठेवून म्हणाला, "मी यावर काही बोलणार नाही. भूक माणसाला लागतेच. काहींना जास्त लागते." या दोन वाक्यांनी त्याने निवडणूक फिरवली. त्याच आठवड्यात फोनवरून लोकांचा कल घेतला गेला. मत कुणाला, असं पहिल्यांदा विचारलं की लोक म्हणत, आम्ही काय सांगणार बापडे. दुसऱ्यांदा विचारलं की म्हणत, आमच्या मताला कोण विचारतं. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणत, एवढं म्हणताय तर लिहा डुएन.

वर्लिनचा प्रचार त्याची थोरली मेहुणी आर्डिस सांभाळत होती. आर्डिसने तातडीने निवेदन काढलं. नगराध्यक्षांच्या "हो"चा विपर्यास करण्यात आला असून सदर "हो" हा नकाराच्या भावनेतूनच उच्चारण्यात आला होता, असं त्यात म्हटलं होतं.

"अगं पण मी वडी खाल्ली ना," वर्लिन म्हणाला.

"खाण्याबद्दल कुणी बोलतंय का? उगाच विषय वाढवू नकोस," आर्डिस म्हणाली, आणि तिने त्याला लव्हॉनबाईंकडे माफी मागायला पिटाळलं.

वर्लिन गेला. टोपी हातात घेऊन, पायरीवर उभा राहून, मनापासून म्हणाला की माझं चुकलं. लव्हॉनबाई म्हणाल्या, छे, त्यात काय एवढं, मी तर विसरूनही गेले. वर्लिनच्या जिवावरचं ओझं उतरलं. "मग झालं तर," असं म्हणून तो हसत हसत घरी आला. झालं, दुसरा घोळ पहिल्याहून मोठा. नगराध्यक्षांनी माफी एकदाच मागितली आणि क्षमा पहिल्या फटक्यात पदरात पाडून घेतली, ही बातमी तो घरी पोचायच्या आत गावात पोचली होती. आता हा वडीपुरता प्रश्न राहिला नव्हता. आता ती वृत्ती होती.

आर्डिसने मग त्याला शिकवणीला बसवलं. स्वयंपाकघरात टेबलाशी ती कॉफी पुढे करायची, वर्लिन नको म्हणायचा. खुर्ची पुढे करायची, वर्लिन उभाच बरा म्हणायचा. नको म्हणताना मान किती वाकवायची, पोटावर हात कुठे ठेवायचा, तिसऱ्या आग्रहाला सुस्कारा कुठून सोडायचा, सगळं तिने घोटून घेतलं. वर्लिन हुशार गडी. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्याने अशी प्रगती केली की न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यावर "कापू ना?" या प्रश्नाला तो "राहू दे रे, कशाला तुला त्रास" म्हणाला आणि केस तसेच घेऊन घरी आला. मोठ्या चौकात त्याने समोरच्या गाडीला आधी तुम्ही, आधी तुम्ही करत इतका वेळ हात हलवला की चारी बाजूंना रांगा लागल्या. रांगेतल्या कुणीही भोंगा वाजवला नाही. उलट कित्येकांचे डोळे पाणावले. मतं हळूहळू परत येऊ लागली.

आणि मग ते घडलं. नगरपरिषदेची जाहीर सभा चालू होती, सभागृह भरलेलं होतं, आणि राज्याच्या राजधानीतून अनुदान खात्याच्या बाईंचा फोन आला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून वर्लिनने आवाज मोठा केला. या बाई मूळच्या न्यू जर्सीच्या, भराभर बोलणाऱ्या. बर्फगाडीचं अनुदान मंजूर झालंय म्हणाल्या, देऊन टाकू ना?

वर्लिनला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं. पण तोंड आता त्याचं राहिलं नव्हतं, ते आर्डिसचं झालं होतं. "छे हो," ते तोंड म्हणालं, "तुम्हाला कशाला उगीच त्रास."

आणि दुसऱ्या आग्रहासाठी वर्लिन मान तिरकी करून, चेहऱ्यावर सुंदर संकोच घेऊन थांबला.

"बरं, ठीक आहे," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. न्यू जर्सीत नको म्हणजे नको. त्या दिवशी संध्याकाळीच ते अनुदान पलीकडच्या ब्रेकन गावाला मिळालं आणि आठवड्याभरात त्यांच्या दारात नवीकोरी केशरी बर्फगाडी येऊन उभी राहिली.

फोन बंद झाला तेव्हा कुठे वर्लिन भानावर आला. त्याला टेकडी दिसली, टेकडीवरचं घर दिसलं, खिडकीत उभी असलेली कर्स्टन दिसली. स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावंसं त्याला वाटलं. पण सभागृह उभं राहिलं होतं. टाळ्यांचा कडकडाट चालला होता. पुढच्या रांगेत लव्हॉनबाई रुमालाने डोळे टिपत होत्या. साप्ताहिकाने मथळा दिला, "नगराध्यक्षांचा सरकारला नम्र नकार", आणि मुख्याध्यापकांनी लिहिलं की असं नेतृत्व एखाद्या पिढीलाच लाभतं. डुएनला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मला नसतं जमलं." निवडणूक पुन्हा वर्लिनच्या खिशात आली. रस्ता मोकळा कोण करणार, हा प्रश्न मात्र वर्लिनखेरीज कुणाला पडल्याचं दिसलं नाही.

मतदान मंगळवारी होतं. शनिवारी सकाळी बर्फ सुरू झाला आणि रविवारी सकाळी अंगणातल्या पत्रपेट्या दिसेनाशा झाल्या. म्हाताऱ्या बर्फगाडीने दोनदा खोकून कायमचे डोळे मिटले. वीज गेली, तेव्हा अख्खं गाव चर्चच्या तळघरात येऊन बसलं, कारण तिथे लाकडाची शेगडी होती. जावयाने कर्स्टनला टेकडीवरून मुलांच्या घसरगाडीवर बसवून खाली आणलं, आणि तिथेच, कॉफीच्या भांड्यांशेजारी, तिला कळा सुरू झाल्या. इस्पितळ ब्रेकनच्या पलीकडे. रस्त्यावर कमरेएवढा बर्फ. वर्लिन तिचा हात धरून बसला होता आणि उभ्या आयुष्यात इतका भ्यालेला नव्हता.

तेवढ्यात ब्रेकनचे नगराध्यक्ष रॉय पाव्लेटिच यांचा फोन आला. रॉय उत्तरेकडच्या खाणपट्ट्यातला माणूस, एकदाच विचारणारा. "आमची नवी गाडी तुमच्या हद्दीवर उभी आहे," तो म्हणाला. "पाठवू का आत? नको असेल तर ड्रायव्हरला घरी सोडतो, तो दमलाय."

फोनचा आवाज मोठाच होता, अख्ख्या तळघराने ते ऐकलं. गाडी प्रत्येकाला हवी होती. कुणाचं औषध संपलं होतं, कुणाची गुरं उपाशी होती. तरी परीक्षेला बसलेल्या पोराकडे आईबाप बघतात तसे सगळे वर्लिनकडे बघत होते. आर्डिसने एक बोट वर केलं : पहिला आग्रह. पाद्रीबुवांनी डोळे मिटले. लव्हॉनबाईंचे ओठ आपोआप "नको" असे हलले. वर्लिनची मानही सवयीने तिरकी व्हायला लागली.

"बाबा," कर्स्टन दात आवळून म्हणाली, "तुमचा सभ्यपणा मग करा."

वर्लिनने मान सरळ केली. "हो," तो फोनमध्ये म्हणाला. "पाठवा. आत्ता पाठवा. आणि उपकार झाले तुमचे."

गाडी आली. बर्फाचे ढीग दोन्ही बाजूंना उडवत ती चर्चच्या दाराशी आली, तिथूनच वळली आणि तिच्या मागोमाग कर्स्टन इस्पितळात पोचली; टेकडीचा रस्ता तिने नंतर मोकळा केला. संध्याकाळच्या आत मुलगी झाली, ठणठणीत. वर्लिनने काचेतून नात पाहिली आणि कुणाचीही पर्वा न करता तो ढसाढसा रडला.

मंगळवारी मतदान विक्रमी झालं. होणारच, रस्ता स्वच्छ होता. टेकडीवरची म्हातारी माणसंसुद्धा आपापल्या गाड्या घेऊन आली. वर्लिन दाराशी उभा होता. प्रत्येकाने त्याचा हात हातात घेतला, नातीबद्दल अभिनंदन केलं, बाळाला मोजे विणून आणले. आणि मग आत जाऊन प्रत्येकाने त्याला पाडलं. साधंसुधं नाही, पार आडवं पाडलं. बाहेर पडताना लव्हॉनबाईंनी साप्ताहिकाच्या माणसाला सांगितलं, "वर्लिन म्हणजे देवमाणूस. त्याने गाडी बोलावली नसती, तर मला मत द्यायलासुद्धा येता आलं नसतं. पण त्या बिचाऱ्या रॉयला अजून दोनदा विचारू दिलं असतं, तर काय बिघडलं असतं?"

वर्लिन आता सुखात आहे. नातीला खेळवतो, आणि लेकीने जेवायला थांबता का विचारलं की पहिल्याच खेपेला हो म्हणतो.

डुएन लिंडगार्ड नगराध्यक्ष झाला. बर्फगाडीचं तो काय करणार आहे, टेकडीच्या रस्त्याचं काय करणार आहे, मुळात तो काही करणार आहे का, हे सोल्विकमध्ये कुणालाच माहीत नाही. इतक्या दिवसांत एकानेही त्याला ते विचारलं नाही. गावाला नावं ठेवायला माझी जीभ केव्हाची वळवळते आहे. पण काय तोंडाने ठेवू? वडीपासून मतपेटीपर्यंत सगळी कथा तुम्ही ऐकलीत, मधेच थांबवून डुएनबद्दल तुम्ही तरी मला कुठे विचारलंत?