भरमाण्णाची आंबील-परीक्षा

आमच्या शेजारच्या भरमाण्णाला कुणी आंबील दिली की तो आधी ती सूर्याला दाखवत असे. नैवेद्य म्हणून नव्हे, परीक्षेसाठी. कोटाच्या खिशातून स्वतःचा काचेचा ग्लास काढायचा, आंबील त्यात ओतायची, एक डोळा मिटून ग्लास उन्हात धरायचा, गोल फिरवायचा आणि मग नाक आत घालायचं. त्यानंतर एक घोट. तो गालात खळबळवत अंगणात दोन फेऱ्या मारायच्या आणि शेवटी शेवग्याच्या बुडात पिचकारी टाकायची. आंबील देणारी बाई तोवर दारात ताटकळत उभी.

निकाल बहुधा एकच असे. "म्होरं हाय, मागं न्हाय."

म्हणजे आंबील जिभेला टेकते तेव्हा चव लागते, पण गेल्यावर मागे काही रेंगाळत नाही. एवढं बोलून तो ग्लास धोतराच्या सोग्याने पुसून खिशात टाकी आणि पुढच्या घराकडे वळे. उन्हाळ्यात कंग्राळी गावात घरोघर नाचणीची आंबील, त्यामुळे याला उसंत नसे. गावातल्या बायका पाठीमागे त्याच्या नावाने बोटं मोडत, आणि तो नाही आला तर "आज अण्णा कुटं ऱ्हायले?" म्हणून चौकशीही करत.

मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो. मूळचा निपाणीकडचा, नवं लग्न झालेला, आणि भाड्याची खोली भरमाण्णाच्या घराला लागून.

ही विद्या त्याने बेळगावच्या कॅम्पात मिळवली होती. गोऱ्या पलटणीच्या मेसमध्ये त्याने उमेदीची सगळी वर्षं बियरची पिंपं हलवण्यात घालवली. नवं पिंप फोडलं की तिथला एक म्हातारा सार्जंट ग्लास उजेडात धरणं, हुंगणं, चूळ भरणं असं सगळं यथासांग करी. भरमाण्णा ते बघून बघून शिकला. बियर मात्र त्याला वैद्याच्या काढ्यासारखी लागली. एकदा सार्जंटाने याच्या फडक्यातली लोटी उघडून आंबील चाखली. मग मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, की त्याच्या बापाच्या शेतावरही सुगीच्या दिवसांत गड्यांसाठी घरीच सातूची बियर घालत. प्रत्येक शेताची चव निराळी, आणि आपल्या घरची डोळे झाकून ओळखता येई. त्या दिवसापासून अर्धी आंबील सार्जंटाची झाली.

"गोरा झाला म्हून काय झालं," भरमाण्णा मला सांगे, "शेतकऱ्याचंच पोर की त्ये."

आता आमच्या घरचं सांगतो. माझी बायको सुगरण, आणि तसं तिला स्वतःलाही पक्कं ठाऊक. भरमाण्णाने तिची आंबील पहिल्यांदा नापास केली तेव्हा ती हसली. दुसऱ्यांदा मला जेवणात मीठ जास्त पडलं. तिसऱ्यांदा तिने नाचणी बदलली, मडकं बदललं, पाणीसुद्धा दुसऱ्या विहिरीचं आणवलं, म्हणजे मी आणलं. निकाल तोच. तेव्हा ती पदर खोचून अंगणात उतरली आणि म्हणाली, "अण्णा, मागं काय पाहिजे ते तरी सांगा. मी कधीपर्यंत नापास व्हायचं?"

भरमाण्णा शेवग्याखाली बसला. त्या दिवशी पहिल्यांदा तो आम्हांला बायकोबद्दल बोलला.

नागव्वाच्या आंबिलीचं मडकं कधी रिकामं होत नसे. पीठ आंबलं की त्यातलं थोडं आंबट पाणी तळाला ठेवायचं आणि त्यातच उद्याचं पीठ कालवायचं. तिच्या सासूपासून ते पाणी चालत आलेलं. मग प्लेग आला. सगळं गाव घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिलं. नागव्वा त्या झोपडीतच गेली. हा घरी परतला तेव्हा मडकं वाळून त्यावर बुरशी चढलेली होती. पण जिवंत असताना तिने ते आंबट पाणी मागेल तिला वाटीवाटीने दिलेलं. कुठल्या तरी घरात ते अजून उरलं असेल, एवढ्या एका आशेवर हा माणूस वर्षानुवर्षं दारोदार चुळा भरत हिंडत होता.

"पर आता जीब म्हातारी झाली, मास्तर," तो म्हणाला. "उद्या समोर आली तरी मला वळखायची न्हाय. त्येचंच भ्या वाटतंय."

मी त्याच्यावर आजवर जेवढे विनोद केले होते, ते सगळे त्या वेळी माझे मलाच फिके वाटले.

बायको म्हणाली, "आणि गौरव्वांकडची चाखलीत?"

भरमाण्णा ताडकन उठला आणि घरात जाऊन कडी लावून बसला. गौरव्वा म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची बायको, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. बांधावरच्या एका फणसावरून दोघा भावांत बिनसलं होतं. पुढे वाऱ्याने फणस पडला, त्याचा पाट-चौरंगही होऊन गेला, भांडण मात्र हिरवंगार होतं. त्या घरचं पाणी पिणार नाही, असं भरमाण्णा चारचौघांत बोलून बसला होता. कंग्राळीत माणूस एक वेळ शेत सोडील, पण चारचौघांत बोललेलं सोडणार नाही.

माझी बायको मात्र निपाणीची. तिने असलं काही बोलून ठेवलेलं नव्हतं. ती सरळ वाटी घेऊन गेली, गौरव्वांकडून आंबट पाणी आणलं, पीठ कालवलं आणि दुसऱ्या दिवशी आंबील शिजवून कुंपणावरून पुढे केली. कुठलं पाणी ते सांगितलं नाही.

त्याने घोट घेतला. फेरी मारायला पाऊल उचललं, आणि तिथेच थांबला. मग त्याने तो घोट गिळला. त्याने विचारलं, "कुणाच्या घरचं पाणी?"

बायकोने खरं ते सांगितलं.

तो चालू लागला. मला काळजी वाटली म्हणून मी मागोमाग गेलो. गौरव्वा सोप्यात नाचणी निवडत बसल्या होत्या. भरमाण्णा उंबऱ्याबाहेर उभा राहिला. त्यांनी वर पाहिलं.

"माळावर संगट आणल्यालं पाणी नागीनं माझ्या हवाली केलंतं," त्या म्हणाल्या. "म्हणाली, माज्या मागं ह्यास्नी आंबील लागंल, ह्ये जपा. दोन येळा घिऊन आलते रं मी तुझ्या दारात. तू कडी काढली न्हाईस."

भरमाण्णाने दाराची चौकट धरली. मला वाटलं, आता हा रडणार. पण तो लहान मुलासारखा, अगदी हळू आवाजात म्हणाला, "वैनी, आजून काय म्हणालती ती?"

गौरव्वांनी मांडीवरचं सूप बाजूला केलं आणि त्याला बसायला जागा दिली.