जामीनदार मयत झाल्यास

शेखर विशे यांनी भाडेकरारात कलम नऊ घातलं, तेव्हा ते कधी लागू होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. शहापुरातल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर तीन वर्षांत तीन भाडेकरू येऊन गेले होते. शेवटचा जाताना पंखेही घेऊन गेला. म्हणून या वेळी अकरा महिन्यांचा करार नको, चांगला छत्तीस महिन्यांचा हवा आणि भाडेकरूमागे सातबारा असलेला जामीनदार हवा, असं त्यांनी ठरवलं. एकतीस वर्षं सरकारी कारकुनी केलेला माणूस इतक्यावर थांबत नाही. कलम नऊ असं होतं : जामीनदार मयत झाल्यास पंधरा दिवसांत नवा जामीनदार द्यावा, अन्यथा करार रद्द होऊन जागा रिकामी करावी लागेल.

भाडेकरूचं नाव प्रज्वल. तो पडघ्याकडच्या एका गोदामात नोकरीला होता आणि त्याच्या बायकोला, नम्रताला, सातवा महिना लागला होता. जामीनदार त्याचे थोरले मामा, मुरबाडच्या पुढच्या एका खेड्यातले कोंडू हरड. सही करताना कोंडूमामांनी पेन दोनदा खाली ठेवलं.

"साहेब, ह्या सहीनं माजी जमीन जाते काय?"

"जात नाही. प्रज्वलने सगळं नीट पाळलं तर तुम्हाला काहीही नाही."

"आनि नाय पाळलं तर?"

"मग आपण पाहू," विशे म्हणाले.

एवढं ऐकून कोंडूमामा गावी गेले. नवव्या दिवशी सकाळी अंगणात चहा पिता पिता ते वारले. डॉक्टरांनी कारण हृदयविकार लिहिलं. गावाने कारण सही धरलं.

विशे यांनी आठ दिवस विषय काढला नाही. नवव्या दिवशी त्यांनी जिन्यात प्रज्वलला थांबवलं.

"कलम नऊ माहीत आहे ना?"

"माहीत हाय, काका. पन कोनच तयार नाय."

"धाकटे मामा आहेत ना तुझे?"

"मंगळूमामा? तो बोलला, तो कागद घेऊन माझ्या दारात आलास तर तंगडी मोडीन."

"उद्या दहाव्याला ते भेटतील?"

"भेटतील. पन काका..."

"मी काही बोलणार नाही. कागद नुसता बरोबर ठेवतो."

दुसऱ्या दिवशी साडेआठला विशे नदीवर हजर होते. कागद प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी सदऱ्याच्या आत. तीसेक माणसं जमली होती. विधी झाले, पिंड पानावर ठेवला गेला आणि सगळे मागे सरून हात जोडून उभे राहिले. सव्वानऊ वाजले होते. समोरच्या उंबरावर पाच कावळे होते. एकही खाली आला नाही.

मुंडण केलेले मंगळूमामा पुढे झाले. "दादा, शेताची काळजी नको. मी हाय." कावळे बसून राहिले. कोणी म्हणालं, धाकटीचं लग्न आम्ही करू. कोणी म्हणालं, म्हशीचं आम्ही बघू. बांधावरून दहा वर्षं अबोला धरलेला शेजारी म्हणाला, बांध मागे घेतो. त्यावर गर्दीत थोडी खळबळ झाली, पण उंबरावर काही झालं नाही.

साडेदहाला भटजींनी घड्याळ पाहिलं. त्यांना बाराला मुरबाडात दुसरा दहावा होता. "दर्भाचा कावळा करू या. शास्त्रात आहे ते."

"गवताचा नको," कोंडूमामांच्या पत्नी हिराबाई म्हणाल्या. बोलल्या तेव्हा त्या कोणाकडेच पाहत नव्हत्या. "त्यांचा जीव त्या कागदात अडकलाय. मरायच्या आदल्या रातीला मला इचारत होते, आपन पाहू म्हंजे काय गो?"

तीस माणसांनी विशे यांच्याकडे पाहिलं. त्यांचा हात आपोआप सदऱ्यावर गेला. पिशवी कुरकुरली.

"पावनं, कागद आनलाय वाटतं," मंगळूमामा म्हणाले.

"सहज आणलाय."

"दहाव्याला सहज? बरं झालं. आता पुढं या नि बोला."

विशे पुढे झाले. पिंडाशी बोलायची त्यांना सवय नव्हती. अर्ज वाचावा तसे ते बोलले. "कोंडूभाऊ, आपण दिलेल्या जामिनातून आपणास मुक्त करण्यात येत आहे. आपल्या वारसांवर कोणतीही जबाबदारी राहणार नाही."

एक कावळा खाली उतरला. पिंडापासून चार हातांवर थांबला. कावळ्याने मान वाकडी केली, इकडेतिकडे पाहिलं आणि तो उडून फांदीवर गेला.

"निम्मंच बोललाव तुमी," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"पुरं बोललो की."

"तुमी दादाला सोडलाव," मंगळूमामा म्हणाले. "पोराचं काय? पाच दिवसांनी पोटुशी बायको घेऊन कुठं जाईल तो? दादाला तेच दिसत असंल."

"नवा जामीनदार मिळाला की काही प्रश्नच नाही," विशे म्हणाले आणि ज्यासाठी आले होते ते त्यांच्या तोंडून निघून गेलं. "तुम्हीच सही केलीत तर..."

उंबरावरचे दोन कावळे उडून नदीपार गेले.

"बघा," हिराबाई म्हणाल्या.

अकरा वाजले. ऊन डोक्यावर आलं. विशे यांनी पहाटे कपभर चहा घेतला होता, त्यानंतर काही नाही. गावात वडे तळून गार होत होते. प्रज्वल मान खाली घालून उभा होता आणि आपल्यासाठी एकही शब्द बोलत नव्हता, हे विशे यांना सगळ्यात जास्त टोचत होतं. भटजी तिसऱ्यांदा खोकले.

"बरं," विशे म्हणाले. "मी राहतो जामीन."

"कोनाला?"

"प्रज्वलला. माझ्याकडे. मीच."

कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. त्याच क्षणी दुसरा कावळा त्याच्या मागे लागला होता, त्यामुळे तो विशे यांच्या वाक्याने उतरला की दुसऱ्याच्या भीतीने, हे सांगता येत नाही. तीस माणसांपैकी एकालाही शंका नव्हती. मंगळूमामांनी विशे यांना हाताला धरून जेवायला नेलं आणि बळेच नऊ वडे वाढले.

शहापुरात करार नोंदवून देणारी दिपाली नावाची मुलगी होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"काका, घरमालक पण तुम्ही, जामीनदार पण तुम्ही. उद्या पोराने भाडं थकवलं तर नोटीस कोणाला पाठवायची?"

"मला."

"पाठवणार कोण?"

"मी."

"मग जामीनदाराचं कलमच काढून टाका ना."

"तिथे तीस माणसांसमोर बोललोय," विशे म्हणाले. "आणि रकाना रिकामा कसा ठेवायचा?"

ऑनलाइन अर्जाने तेच नाव दुसऱ्यांदा घेतलं नाही. दिपालीने मुद्रांकाच्या कागदावर वेगळं जामीनपत्र छापून दिलं. विशे यांनी ते पूर्ण वाचलं, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि सही केली. तारीख घातली तेव्हाच त्यांनी मनात नऊ दिवस मोजले. या असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. मोजले मात्र.

त्यानंतर त्यांनी अंगणात चहा प्यायचं सोडलं. सहाव्या दिवशी जिना चढणं कमी केलं. आठव्या दिवशी पुण्याला मुलाला फोन करून बँकेची कागदपत्रं कुठे आहेत ते सांगितलं. मुलगा मीटिंगमध्ये होता. पत्नी जाऊन चार वर्षं झाली होती, त्यामुळे आणखी कोणाला सांगायचं राहिलं नव्हतं. नवव्या दिवशी सकाळी सव्वासातला त्यांच्या छातीत डावीकडे कळ आली आणि ती जाईना. त्यांनी वरच्या मजल्याकडे पाहून हाक मारली.

प्रज्वलने रिक्षा आणली. दवाखान्यात विशे यांना आडवं करून छातीला वायरी लावल्या. ईसीजीची पट्टी पाहून डॉक्टर म्हणाले, बहुतेक पित्त आहे, पण वय बघता दोन दिवस ठेवून घेऊ. परिचारिका कागद घेऊन आली.

"यांच्यातर्फे जबाबदार कोण?"

"मुलगा पुण्याला असतो," विशे पडल्या पडल्या म्हणाले. "संध्याकाळपर्यंत येईल."

"संध्याकाळपर्यंत कागद थांबत नाही. आत्ता इथे कोण आहे?"

प्रज्वल पुढे झाला.

"तुम्ही कोण यांचे?"

प्रज्वलने क्षणभर विचार केला. "एकाच घरात राहतो आमी."

"इथे सही करा. काही झालं तर तुमच्यावर येतं, सांगून ठेवते. पाठीमागे अटी आहेत, वाचून घ्या."

"वाच रे आधी," विशे उठायचा प्रयत्न करत म्हणाले. "सगळं वाच. पाठचंही."

"तुमी पडून राव्हा, काका," प्रज्वल म्हणाला आणि कागद न उलटता त्याने सही केली.