चौथा ठोका

विल्मार कार्दोसोच्या जिभेची परीक्षा मंगळवारी सकाळी दहाला होती आणि त्यासाठी त्यानं इस्त्रीचा सदरा घातला होता. जीभ दाखवायला सदरा कशाला, असं त्याची बायको ओफेलिया म्हणाली. पण एकतीस वर्षं ज्या माणसानं माँतेविदेओतल्या पालेर्मो मोहल्ल्याच्या रेडिओवरून ढोलांच्या मिरवणुकीचं वर्णन केलं, त्याला कुठल्याही मायक्रोफोनसमोर चुरगळलेल्या कपड्यांत बसणं मंजूर नव्हतं. रेडिओवर कपडे दिसतात कुणाला, हा प्रश्न ओफेलियानं लग्नाच्या पहिल्याच वर्षी विचारून पाहिला होता आणि मग सोडून दिला होता.

झालं होतं असं, की सप्टेंबरात विल्मारच्या मेंदूतली एक बारीकशी नस अर्धा तास रुसली. तोंड जरा वाकडं झालं, 'माते' नावाचा कडू चहा ओढायची नळी ओठांत धरता येईना, आणि "ओफेलिया" म्हणायला गेला तर "ओयया" एवढंच बाहेर पडलं. तीन आठवड्यांत सगळं जागच्या जागी आलं. तोंडाचा पट्टा पूर्वीसारखा सुरू झाला, शेजारी पूर्वीसारखे खिडक्या लावून घेऊ लागले. पण रेडिओचा व्यवस्थापक बराको काही ऐकेना.

"वाचाप्रयोगशाळेचा कागद आण," तो म्हणाला. "जीभ ठीक आहे असं लेखी दे, मग सहा जानेवारीची मिरवणूक तुझी. नाहीतर यंदा माझा मेहुणा बोलेल."

बराकोचा मेहुणा तेओदोरो टपाल खात्यातून निवृत्त झाला होता. वीजबिलामागच्या सूचना वाचाव्यात तसा तो बोलायचा. विल्मारला मरणाची भीती वाटली नव्हती, तेवढी तेओदोरोची वाटू लागली.

प्रयोगशाळा दोन गल्ल्या सोडून होती. तिथल्या डॉक्टर मिर्ता लारोस तीन महिन्यांपूर्वीच ताकुआरेंबोहून माँतेविदेओत आल्या होत्या. मोठ्या हुशार, आणि तितक्याच गंभीर. दर शुक्रवारी दुपारच्या बसनं त्या आईकडे उत्तरेला जायच्या आणि सोमवारी परतायच्या, त्यामुळे या मोहल्ल्यात रविवारी काय चालतं याचा त्यांना पत्ताच नव्हता.

"काका, मी सांगेन ते फक्त पुन्हा पुन्हा म्हणायचं," त्यांनी समजावलं. "प-त-क, प-त-क. जमेल तितक्या भराभर, न थांबता. 'प' ला ओठ लागतात, 'त' ला जिभेचं टोक, 'क' ला घसा. तिन्ही कारागीर कामावर हजर आहेत की नाही ते लगेच कळतं."

"आणि ही मायक्रोफोन लावलेली पेटी?" विल्मारनं विचारलं.

पेटी एलिओची होती. एलिओ हा प्रयोगशाळेचा इंजिनियर. बंदरावरच्या रडारची देखभाल करण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. बोलायला कुणी सापडला की तो सोडायचा नाही.

"रडार काय करतं काका? एकच ठोका सोडतं, पुन्हा सोडतं, पुन्हा सोडतं. सगळं शहाणपण त्या पुन्हा-पुन्हात आहे! फार घाईनं सोडला तर पहिल्याचा प्रतिध्वनी यायच्या आत दुसरा निघतो आणि गोंधळ. फार सावकाश सोडला तर तेवढ्यात जहाज धक्क्यावर येऊन आदळतं. जिभेचंही तेच. तुम्ही एक अक्षर बोललात की पेटी एक ठोका मोजते आणि पट्टीवर एक रेघ मारते. सेकंदाला पाचाच्या वर रेघा, आणि सगळ्या सारख्या अंतरावर. की झालात पास!"

विल्मारनं घसा खाकरला, कॉलर सरळ केली आणि सुरुवात केली. पेटीवरचा लाल दिवा लुकलुकू लागला. वीस सेकंद तो थांबला नाही. संपल्यावर त्यानं सवयीनं डोकं किंचित झुकवलं, पण टाळ्या पडल्या नाहीत. डॉक्टरांनी कागदी पट्टी उचलली, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

पट्टीवर तीन रेघा होत्या आणि मग एक जागा रिकामी. पुन्हा तीन रेघा, पुन्हा रिकामी. पहिल्यापासून शेवटपर्यंत, अगदी मोजून मापून.

"काका, तुम्ही मधे मधे थांबता का?"

"मी? एकतीस वर्षांत मी फक्त राष्ट्रगीताला थांबलोय."

"दर चौथा ठोका गायब आहे."

विल्मारच्या काळजाचाही एक गायब झाला. त्यानं दुसऱ्यांदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. चौथा ठोका काही सापडला नाही. डॉक्टर हळू आवाजात मेंदूच्या मागच्या भागाबद्दल काहीतरी बोलू लागल्या, तेव्हा बाहेर बाकावर बसलेली ओफेलिया थर्मास बगलेत मारून आत शिरली.

"काय झालं त्याला? मुली, हा चाळीस वर्षं असाच बोलतोय! सरक रे म्हाताऱ्या, मी बोलून दाखवते."

ओफेलिया बोलली. तीन रेघा, एक रिकामी.

"दोघांनाही?" डॉक्टर पुटपुटल्या. मग त्यांनी एलिओकडे पाहिलं. एलिओचा चेहरा पडला होता, कारण मेंदू विल्मारचा असला तरी पेटी त्याची होती.

त्यानं पेटी उघडली. आतली अर्धी सामग्री टेबलावर काढली, दोन भाग बदलले, फुंकर मारली, परत बसवली आणि स्वतः मायक्रोफोनसमोर बसून प-त-क म्हणाला. तीन रेघा, एक रिकामी. एलिओ याच मोहल्ल्यात जन्मला होता, पण त्या घटकेला ते कुणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं.

"पेटीच बिघडलीय," तो रडवेला होऊन म्हणाला. "चौथा ठोका गिळतेय ती."

"थांब," डॉक्टर म्हणाल्या आणि स्वतः बसल्या. प-त-क-प-त-क-प-त-क. पट्टी बाहेर आली. रेघा एकसारख्या, फणीच्या दातांसारख्या. एकही पडलेला नाही.

म्हणजे पेटी धडधाकट होती आणि बाकीचे तिघे आजारी होते.

इथून पुढं गोष्ट हाताबाहेर गेली. ओफेलियानं खिडकीतून खाली हाक मारली, "आल्बा! वर ये, तुझी जीभ बघायचीय!" बेकरीवाली आल्बा वर आली. तिला आजार निघाला. तिनं तिच्या दिराला पाठवलं. त्याला निघाला. दीर न्हाव्याकडे बसला होता, त्यामुळे न्हावी आला, आणि अर्धी दाढी झालेलं एक गिऱ्हाईकही आलं. दोघांनाही निघाला. बारा वाजेपर्यंत जिन्यावर रांग लागली होती आणि रांगेतला प्रत्येक जण तोंडातल्या तोंडात सराव करत होता.

डॉक्टर लारोस निम्म्या घाबरल्या आणि निम्म्या आनंदल्या. एका मोहल्ल्यात, एकाच प्रकारचा वाचादोष, आजवर कुठल्या पुस्तकात नोंद नसलेला! पाण्यात शिसं असेल, त्यांना वाटलं. त्यांनी तडक नगरपालिकेला फोन केला. तासाभरात पाण्याचे नमुने घ्यायला एक माणूस सहा बाटल्या घेऊन हजर झाला.

"तुम्ही कुठं राहता?" डॉक्टरांनी विचारलं.

"इथंच, पलीकडच्या गल्लीत."

"बसा. म्हणा, प-त-क."

पट्टी बघून तो बाटल्या तिथंच टाकून बायकोला फोन करायला पळाला.

या सगळ्या गडबडीत विल्मार कोपऱ्यात खुर्चीवर बसून होता. इस्त्रीचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. मोहल्ला आजारी असो की नसो, त्याला कागद मिळणार नव्हता. जानेवारीत ढोल निघतील, बाल्कनीत तेओदोरो उभा राहील आणि म्हणेल, "आता पुढील पथक येत आहे." एवढ्या कल्पनेनंच त्याला रडू फुटायच्या बेतात होतं. ओफेलियानं मातेचा तुंबा त्याच्या हातात दिला. तो त्यानं तसाच धरून ठेवला.

बाहेरचा गलका वाढला. रांगेतले अकरा जण आता एका सुरात म्हणत होते आणि न्हावी बाकावर बोटं वाजवत होता. पेटीला काही ऐकू येईना, म्हणून डॉक्टर तावातावानं दार उघडून ओरडायला गेल्या. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

प-त-क, आणि धप्. प-त-क, आणि धप्. एकट्याचा पाय हलका पडे म्हणून सकाळपासून ऐकू आला नव्हता; आता लाकडी जमिनीवर अकरा पाय एकदम पडत होते. कागदावरची रिकामी जागा डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर भरत होती.

"हे... हे पाय तुम्ही का आपटताय?"

"कुठं आपटतोय?" आल्बा म्हणाली. खरंच कुणाला पत्ता नव्हता.

पहिल्यांदा ओफेलियाच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि ती अशी हसली की थर्मास पडता पडता वाचला.

"अगं बाई! चिको वाजवतोय आपण!" तिनं डॉक्टरांचा हात धरला. "मुली, आमच्या तीन ढोलांतला सगळ्यांत लहान तो चिको. तो एवढंच वाजवतो, पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत. तीन टोले, एक मोकळी जागा. तिथं हात मारायचा नाही, तिथं पाऊल पडतं. चालायला नको का मिरवणुकीत? आम्ही पोटात असल्यापासून दर रविवारी हेच ऐकतो. तू तीन अक्षरं पुन्हा पुन्हा म्हणायला सांगितलीस, आता चौथं काय करणार आम्ही?"

"पण हे तुम्ही सकाळीच का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस, थांबता का. थांबतोय कोण? पाऊल टाकतोय!"

एलिओनं कपाळावर हात मारून घेतला. वीस वर्षं ठोके मोजणाऱ्या माणसाला स्वतःचा पाय मोजता आला नव्हता. शिसं नव्हतं, आजार नव्हता, आणि कुठल्या पुस्तकात नोंदही होणार नव्हती. डॉक्टर क्षणभर हिरमुसल्या, पण मग त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याकडे गेलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

एलिओनं अडगळीतून एक उंच स्टूल आणलं. विल्मारला त्यावर चढवलं. पाय अधांतरी लोंबकळत राहिले, जमीन लागेना, ताल धरायला जागा नाही. "म्हणा काका." सेकंदाला सहा रेघा, एकसारख्या, एकही जागा रिकामी नाही. सगळा जिना टाळ्या वाजवू लागला. विल्मारचा जीव भांड्यात पडला आणि थंड झालेलं माते त्यानं एका दमात संपवलं.

डॉक्टर गंभीर होत्या, तशाच प्रामाणिकही. त्यांनी कागदावर लिहिलं, "पाय जमिनीला न टेकलेल्या स्थितीत तपासणी केली असता वाचा संपूर्ण निर्दोष आढळली."

रेडिओत यायच्या आधी बराको न्यायालयात कारकून होता. त्यानं कागद तीनदा वाचला.

"म्हणजे पाय टेकले तर निर्दोष नाही."

"अरे, तसं नाही रे त्याचा अर्थ!"

"जे लिहिलंय ते लिहिलंय. स्टुलावर बसशील तर बोल."

सहा जानेवारीला ऊन अजून भिंतींवर होतं, तेव्हा विल्मार कार्दोसो बाल्कनीत उंच स्टुलावर बसला. नवा सदरा, हातात मायक्रोफोन, पाय हवेत. खाली गल्लीत कागद आणि फळकुटं पेटवून ढोलांची कातडी तापवून झाली होती. पहिलं पथक वळणावर आलं. विल्मार बोलू लागला. शब्द सुटसुटीत, स्पष्ट, एकामागोमाग एक, मधे कुठंही फट नाही. दहा मिनिटांत बाल्कनीमागच्या खोलीत बराकोच्या टेबलावरचा फोन वाजला.

"विल्मारला काय झालंय हो? बरा नाही का तो?" आल्बानं विचारलं.

मग न्हावी. "म्हाताऱ्याची तब्येत बिघडलीय. घरी न्या त्याला."

मग पाण्याच्या बाटल्यांवाला. मग कोण कोण. एकानं तर विचारलं, तेओदोरो बोलतोय का. तेओदोरो शेजारीच बसला होता. त्याला वाटलं आपली स्तुती झाली.

विल्मारला बाल्कनीतूनच सगळं ऐकू येत होतं, आणि ते खरं आहे हेही कळत होतं. खाली ढोल चालले होते, आणि तो मात्र त्यांच्यावरून घसरत होता. शब्द होते, चाल नव्हती. त्याचा आवाज बसू लागला. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला.

"मी डॉक्टर लारोस. या खेपेला आईकडे न जाता मुद्दाम राहिले इथं. काका असे का बोलताहेत?"

"तुमच्याच कागदाबरहुकूम," बराको म्हणाला. "पाय वर."

फोनवर मोठा उसासा ऐकू आला. "लिहून घ्या. खाली तारीख घाला, मी उद्या सही करते. रुग्णानं बोलताना दोन्ही पाय जमिनीवर ठेवावेत. ताबडतोब. औषध म्हणून!"

बराकोनं प्रत्येक शब्द लिहून घेतला, वाचून दाखवला, मग खुणेनं परवानगी दिली. ओफेलिया तोवर थांबलीच नव्हती. तिनं नवऱ्याच्या काखेत हात घालून त्याला स्टुलावरून खाली उतरवलं होतं. विल्मार मायक्रोफोन धरून उभा राहिला. मग त्याचं पाऊल बाल्कनीच्या फरशीवर धप् करून पडलं, आणि त्याला कंठ फुटला.

फोन एकदम गप्प झाला. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून लोक ओरडले, "बरा झाला! विल्मार बरा झाला!" आणि बराको, हातातला कागद नीट घडी करत, टेबलाखाली पाय आपटत होता.