मामांची डबी आणि आमचा रेडिओ

आमच्या जालन्याच्या मस्तगडातल्या गंगाधरमामांना "कसे आहात?" असं विचारलं, की उत्तर ठरलेलं असायचं. "अजून तरी बरा हाये." चहा पुढं केला तर एक घोट घेऊन, डोळे बारीक करून म्हणायचे, "अजून तरी चांगला लागून राह्यला." एकदा गल्लीतल्याच एका लग्नात नवरदेवाच्या वडलांनी कौतुकानं विचारलं, "जोडा कसा शोभतो, मामा?" मामांनी स्टेजकडं नीट निरखून पाह्यलं आणि सांगितलं, "अजून तरी शोभून राह्यला." त्या गृहस्थांनी पुढं वर्षभर मामांशी अबोला धरला. मामांना त्याचा पत्ताच नव्हता.

मामा म्हणजे रेडिओ दुरुस्तीवाले. घराच्या पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या खोलीत त्यांची मोठी बहीण, शेवंताआक्का. आक्कांचे पाय तरुणपणीच गेले. तेव्हापासून त्यांचं जग म्हणजे एक बाज, एक खिडकी आणि गंगाधर. मामांनी लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "अजून तरी जमलं न्हाई." तेव्हा ते साठीला टेकले होते.

आमचं घर त्यांच्या भिंतीला भिंत लावून. आणि आमच्या घरात गेली वीस-बावीस वर्षं एकच भांडण चालू होतं, ते म्हणजे मंदाच्या माहेरचा रेडिओ. मंदा म्हणजे आमची सौभाग्यवती. लग्नात सासऱ्यांनी रेडिओ दिला होता, लाकडी पेटीचा, चांगला भरभक्कम. आवाज जरा बसका होता म्हणून मी तो मामांकडं नेला, आणि मामांनी असा करून दिला की गल्लीच्या टोकाला उभं राहून गाणं ऐकावं. आम्ही दोघं नवीन, हौस दांडगी, दिवसभर लावून ठेवायचो. मग एक दिवस मामा स्वतः होऊन आले. "खरखरून राह्यला. देतो साफ करून." आणि बगलेत मारून घेऊन गेले.

झालं! गेला तो गेलाच. विचारावं तर, "अजून तरी पार्ट मिळाला न्हाई." आमची पोरं जन्मली, शिकली, औरंगाबादला नोकरीला लागली, तरी पार्ट मिळाला नाही. मंदा भाजी चिरताना विळीशी बोलायची, "माझ्या बापानं दिलेला रेडिओ, आणि ह्यांना शेजाऱ्याला दोन शब्द बोलवत नाहीत!" मी बोलायचो हो. पण "अजून तरी"पुढं माणूस काय बोलणार?

रेडिओ तर दिला नाहीच, वर आमच्या भिंतीवर एक डबी ठोकून गेले.

ही डबीची भानगड दोन हजार सालानंतरची. त्याआधी मामांनी आक्कांच्या बाजेपासून दुकानापर्यंत सुतळी ओढून घंटी बांधली होती. मग वायरची बेल आली. मग कुठली कुठली पुस्तकं मागवून, एक जुना कॉम्प्युटर आणवून मामा बिनतारी प्रकरणात शिरले. आक्कांच्या हाताशी एक बटन. ते दाबलं की मामांच्या दुकानातली डबी वाजायची. ती शेजारच्या डबीला कळवायची, ती पुढच्या डबीला, अशा गल्लीतल्या सात घरांतल्या डब्या एका दमात ओरडायला लागायच्या. कुणाकडून एक पैसा घेतला नाही. मात्र रोज संध्याकाळी पाचला मामा सातही घरी जाऊन डबीला कान लावून यायचे. समोरच्या हमीदाखाला शिलाईकाम करायच्या, त्या वैतागायच्या. "अरे गंगाधर, रोज रोज क्या सुनता है? डबी है, पेटसे थोडीच है!"

आमच्या डबीची जागाही मामांनीच ठरवली. मी म्हणालो दारामागं लावा, दिसणार नाही. मामा म्हणाले, "न्हाई. इथंच." ती जागा म्हणजे पूर्वी जिथं रेडिओ असायचा तो कोनाडा. मंदाच्या जखमेवर मीठच की.

एवढं करून मामा थांबतील तर ते मामा कसले! त्यांना आता दाखला पाहिजे होता. घरातल्या बिनतारी वस्तूंनी एकमेकींशी कसं बोलावं याचे नियम ठरलेले असतात म्हणे. कुठल्याही कंपनीची डबी कुठल्याही डबीशी त्याच नियमानं बोलली पाहिजे. त्या नियमांचं जाडजूड बाड मामांनी छापून मागवलं आणि भिंग लावून वाचायला बसले. पुण्यात एक प्रयोगशाळा होती, ती तपासून पास-नापास ठरवायची.

"मामा, आपल्या गल्लीत वाजतेय ना डबी? मग दाखला कशाला?"

"मी म्हणतो वाजते. पण मी कोण? मीच पोरगं, मीच मास्तर?" मामा म्हणाले. "तुमच्या कंपनीत तुमचं बियाणं तुम्हीच पास करता का?"

मी बियाण्याच्या कंपनीत. ओल्या कागदात दाणे गुंडाळायचे, किती उगवले ते मोजायचं आणि नमुना बाहेर तपासणीला पाठवायचा, हेच माझं आयुष्य. मामांच्या लेखी मी 'दाखल्याचा मानूस' होतो. म्हणून डब्या घेऊन पुण्याला जायची कामगिरी माझ्यावर आली.

"तुम्ही स्वतः का जात नाही?"

"मला काम हाये."

कसलं काम, देव जाणे! दुकानात तीन रेडिओ महिनोन्महिने पोट उघडे टाकून पडलेले. पण मी गेलो. जुन्या टॉवेलात गुंडाळलेल्या डब्या मांडीवर घेऊन, रात्रभर एसटीत डुलक्या खात गेलो. प्रयोगशाळेतल्या मॅडम तरुण, हसऱ्या. म्हणाल्या, तीन दिवस सलग चालवून बघू.

दुसऱ्या दिवशी दुपारी डब्या मुक्या झाल्या. बटन दाबलं, काही नाही. बंद करून चालू केल्या, की टुणटुणीत. परत वीसेक तासांनी मुक्या. नापास!

मी तिथूनच मामांना फोन लावला. वाटलं, म्हातारा खचेल. मामा शांतपणे म्हणाले, "मधी लाइट किती बार गेल्ती?"

"एकदाही नाही."

"बिलकुल न्हाई?"

"मामा, हे पुणं आहे."

पलीकडं बाडाची पानं चाळल्याचा आवाज आला. मग मामा म्हणाले, "मंग बराबर हाये."

घरी आल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. डबी प्रत्येक निरोपाचा आकडा डोक्यात ठेवते. आकडे साचत साचत डोकं भरतं आणि ती गप्प होते. पण आमच्याकडं दिवसातून दोनदा-तीनदा लोडशेडिंग. लाइट गेली की डबी आपल्या बॅटरीवर जाते, जाताना एकदा डोळा मिटून उघडते, आणि डोकं पुन्हा कोरं! त्यामुळं जालन्यात तिचं डोकं भरायची वेळच आली नाही. लाइट गेली नाही म्हणून नापास झालेली ही हिंदुस्थानातली पहिली वस्तू असावी. मी पोट धरून हसलो. आपल्या भाराभर लोडशेडिंगचा कुणाला तरी उपयोग झाला म्हणायचा!

मामा हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. "दिवाळीत लाइट गेली न्हाई," ते म्हणाले. "दोन दिवस सलग होती. तव्हा डब्या..." आणि उठून मागच्या खोलीत आक्कांना पाणी पाह्यजे का विचारायला गेले.

महिनाभर खपून त्यांनी दोष काढला. आता तपासायचं कुठं? सलग लाइट जालन्यात आणायची कुठून? शेवटी मीच साहेबांच्या हातापाया पडून आमच्या कंपनीच्या उगवण-खोलीत जागा मिळवली. तिथं जनरेटर, लाइट जायची सोय नाही. ओल्या कागदातले कापसाचे आणि मुगाचे दाणे एका फळीवर आणि मामांच्या डब्या दुसऱ्या फळीवर. मामा बघायला यायला हवे होते, कंपनी सायकलनं पाऊण तास. पण "मला काम हाये." मग मी दर दोन तासांनी फोन करून सांगायचो, "अजून तरी चालू आहे." चौथ्या दिवशी घरी मंदानं आमटी कशी झालीय विचारलं आणि माझ्या तोंडून जे निघालं, त्यानंतर दोन दिवस मला शिळ्या भाकरीवर काढावे लागले.

डब्या टिकल्या. दाणेही उगवले. मी पुण्याला फोन केला तर मॅडम म्हणाल्या, "या वेळी बनवणाऱ्यांनी स्वतः यायला हवं. तपासणीच्या वेळी हजर राहून सह्या करायच्या असतात. तीन दिवस लागतील."

मामांना सांगितलं. "मला काम हाये."

आता मात्र माझं डोकं सणकलं. अहो, एसटीत कंबरडं माझं मोडलं, साहेबापुढं नाक मी घासलं, आणि ह्यांना काम! म्हणालो, "मामा, तुम्हाला कसलं काम आहे हो? तुमच्यानं एक रेडिओ वीस वर्षांत दुरुस्त होत नाही, तुम्ही काय दाखला आणणार!" आणि तरातरा घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मामा कोपऱ्यावर दूध आणायला गेले तशी आमची डबी वाजली. मी आणि मंदा पळत गेलो. आक्का बाजेवर व्यवस्थित टेकून बसल्या होत्या.

"काही झालं न्हाई. बसा जल्दी, तो येईल," त्या म्हणाल्या. "त्याला टोचून बोलू नका. तो माझ्यामुळं जात न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. आमचं लग्न झालं त्या सालची गोष्ट. मामा सामान आणायला औरंगाबादला गेल्ते. आक्का बाजेवरून पडल्या. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत फरशीवर. "ओरडून ओरडून घसा बसला माझा. पण शेजारी गाणी लागल्ती. मोठ्यानं."

मंदानं माझ्याकडं पाह्यलं. मी जमिनीकडं.

"गंगाधर आला अन् मला उचललं. म्हणला, आवाज मीच वाढवून दिल्ता. त्या पोरांना बोलायचं न्हाई, नवीन लग्न झालंय, जन्मभर मनाला लावून घेतील. मंग तिसऱ्या दिवशी तुमचा रेडिओ घेऊन आला. तव्हापासून गल्लीच्या बाहेर गेला न्हाई तो." आक्कांनी पदरानं तोंड पुसलं. "मी जा म्हणून सांगून थकले. माझं ऐकत न्हाई. तुम्ही पाठवा त्याला. मी जिती असेपर्यंत त्यानं एकदा तरी कुठं जाऊन यावं हो."

आम्ही घरी आलो. मंदा कोनाड्यासमोर बसून राह्यली. वीस वर्षं ज्या माणसाला आम्ही रेडिओचोर म्हटलं, त्यानं आमची चूक आमच्यापासूनच लपवून ठेवली होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही.

मग मंदानंच सूत्रं हातात घेतली. मामांना आक्का काय बोलल्या त्यातलं अक्षर सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "मामा, घड्याळ घ्या हातात आणि आक्कांना बटन दाबू द्या." डबी वाजली. सगळ्यात आधी हमीदाखाला पोचल्या, गळ्यात टेप, हातात कात्री. मागोमाग मंदा, पीठ भरल्या हातानं. मग मी. मग बाकीची घरं. मामांनी घड्याळ पाह्यलं. पुन्हा करायला लावलं. पाचव्या खेपेला खाला कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अब जाता के मैं ही तेरेकू एसटीमें डालके आऊ?"

मामा गेले. आम्ही सगळ्यांनी स्टँडवर जाऊन त्यांना बसवलं, न जाणो, मधेच उतरले तर.

तीन दिवसांत डबी एकदाच वाजली, दुसऱ्या दिवशी दुपारी चारला. गल्ली धावली. आक्का हसत होत्या. "तो न्हाई तव्हा बी येता का पाहून राह्यले." खालांनी त्यांना चार शिव्या दिल्या आणि तिथंच बसून चहा घेतला.

चौथ्या दिवशी सकाळी मामा परतले. आधी आक्कांकडं गेले. मग आमच्या दारात. मी विचारलं, "काय झालं?"

"पास."

"अजून तरी?" मी मुद्दाम म्हणालो.

"न्हाई," मामा म्हणाले. "पास म्हंजे पास." आणि खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. एसटीत धूळ फार असते, असं काहीतरी म्हणाले.

त्याच दिवशी संध्याकाळी पाचला मामा डबीला कान लावायला आले नाहीत. आम्हाला चुकल्यासारखं झालं. साडेपाचला आले, बगलेत रेडिओ. लाकडी पेटी तेल लावून पुसलेली, मंदाच्या वडलांचं नाव कोरलेली पट्टी चकचकीत. मंदानं त्या पट्टीवरून बोट फिरवलं. मामांनी तो कोनाड्यात ठेवला, डबीच्या बरोबर खाली, आणि वायर खोचली.

"पार्ट मिळाला वाटतं," मी कसाबसा म्हणालो.

"मिळाला," मामा म्हणाले. "लावा. मोठ्यानं लावा."

मंदानं बटन फिरवलं. जुनं गाणं लागलं, भिंती घुमवत. आवाज आक्कांच्या खिडकीपर्यंत जाणार हे आम्हा तिघांना ठाऊक होतं. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. आणि तेवढ्यात त्या सगळ्या गाण्यावर ताण करून डबी कडाडली.

मामा अनवाणी धावले. मागं आम्ही. समोरून खाला.

आक्का उशीला टेकून खिडकीशी कान देऊन बसल्या होत्या. बटन हातातच होतं.

"अरे, जरा वाढवा की आवाज," त्या म्हणाल्या. "मला नीट ऐकू येऊन न्हाई राह्यलं."