आक्षेप क्रमांक चोवीस

सूर्य कोणाच्याही मालकीचा नसतो, आणि ज्या वस्तूला मालक नसतो तिच्यावरून भांडायला सगळेच मोकळे असतात. मोठमोठ्या परिषदांना जे वर्षानुवर्षं उमगत नाही, ते आमच्या चाळीस बिऱ्हाडांच्या पाच मजली इमारतीला पहिल्याच बैठकीत उमगलं. त्यामुळे गच्चीवर सौर पॅनेलं बसवण्याचा ठराव एकमताने मंजूर करून आम्ही लगेच 'अडथळा निवारण समिती' नेमली. (तोवर अडथळा एकही नव्हता. पण तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतले आम्ही नव्हे.) प्रस्तुत लेखक या समितीचा चिटणीस आहे.

ठरावाचं मूळ कारण म्हणजे पाचव्या मजल्यावरच्या बाई. निम्म्या इमारतीला त्यांनी शाळेत पाढे शिकवले, माझ्यासकट. आता त्यांचे गुडघे गेले आहेत, आणि रोज दुपारी चार ते रात्री आठ वीज जाते, तेव्हा लिफ्टही जाते. फाटकाजवळच्या बाकावर त्या आणि समोरच्या घरातल्या निवृत्त नर्स रोज संध्याकाळी गप्पा मारत बसायच्या. नर्सबाईंचेही गुडघे त्याच इयत्तेतले, त्यामुळे त्या वर येऊ शकत नाहीत. एक बाकावर, एक बाल्कनीत, आणि मधल्या पाच मजल्यांतून हातवारे. बघून पोटात तुटायचं, खोटं कशाला सांगू? आणि पोटात तुटलं की आम्ही बैठक घेतो.

आमच्या इमारतीची एक जुनी आणि उदार प्रथा आहे. जो आक्षेप घेईल, त्यालाच तो आक्षेप दूर करणाऱ्या उपसमितीचा अध्यक्ष करायचं. त्याला बैठकीत हाताची खुर्ची मिळते (इतरांना सतरंजी), चहाबरोबर दोन बिस्किटं मिळतात आणि सूचना फलकावर नाव लागतं. आक्षेप मिटला की पद जातं, खुर्ची जाते, बिस्किटंही जातात. चौदा महिन्यांत आमच्याकडे तेवीस आक्षेप आले आणि तेवीस अध्यक्ष झाले. निवारण झालेले आक्षेप शून्य. मात्र मिळालेला एकही अडथळा आम्ही हातचा जाऊ दिला नाही, ही गोष्ट विरोधकसुद्धा मान्य करतात.

राजकीय अडथळ्यांत सर्वांत नाजूक होता तो दिशेचा. पॅनेलांची तोंडं दक्षिणेकडे हवीत, असं वायरमनचं म्हणणं. तेव्हा मागच्या बाजूची वीस बिऱ्हाडं उठून उभी राहिली. "म्हणजे पॅनेलांनी आमच्याकडे पाठ फिरवायची?" निम्मी पॅनेलं उत्तरेकडे तोंड करून बसवावीत, अशी त्यांची मागणी. वायरमन म्हणाला, तशाने वीज फारच कमी मिळेल. त्यावर उत्तर मिळालं, "वीज कमी मिळाली तर चालेल, मान कमी मिळाला तर चालणार नाही."

आर्थिक अडथळे त्याहून सखोल. पाचव्या मजल्याचं म्हणणं, ऊन आधी आमच्या डोक्यावर पडतं, ते आम्ही सोसतो, तेव्हा मोबदला द्या. तळमजल्याचं म्हणणं, आमच्यापर्यंत ऊन पोचतच नाही, तेव्हा भरपाई द्या. तळमजल्यावरच्या दंतवैद्यांनी तर, "मी लिफ्ट वापरत नाही, मग माझ्या वाट्याचं ऊन तिला का?" असं विचारून सभेची दातखीळ बसवली. तिसऱ्या मजल्यावरचे 'धूरवाले' डिझेलचा जनरेटर भाड्याने देतात. त्यांचा प्रश्न मानवतेचा होता. "इतकी वर्षं राबलेल्या त्या मुक्या यंत्राचं पुनर्वसन कोण करणार?" दोन जणांच्या डोळ्यांत पाणी आलं. (जनरेटर चालू होता.)

सौर निधी जमा होता, पण सर्व अडथळे दूर होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, असा नियम. अडथळ्यांच्या अभ्यासासाठी मात्र त्याच निधीतून कितीही खर्च करता येतो. हा नियम मीच लिहिला आहे.

बाई कधीच बैठकीला नसत. बैठक संध्याकाळी सहाला, आणि सहाला लिफ्ट बंद. एके दिवशी त्यांनी मला फोन केला.

"चिटणीसा, कागद घे. मला आक्षेप नोंदवायचाय."

"बाई, तुम्ही? अहो, हे सगळं तुमच्यासाठीच तर चाललंय!"

"चौदा महिने बघतेय काय चाललंय ते. लिही. पॅनेलांवरून उलटणारी तिरीप माझ्या डोळ्यांवर येईल."

"पण येईल की नाही, ते आत्ता कसं कळणार?"

"शाबास. म्हणून अभ्यास करायचा. आठ पॅनेलं लाव, बॅटरी बसव, लिफ्टला जोड."

"लिफ्टला कशाला?"

"अरे, गच्चीत जाऊन तिरीप तपासायला नको? मी काय उडत जाऊ?"

आक्षेप क्रमांक चोवीस नऊ मिनिटांत मंजूर झाला. आक्षेपावर आक्षेप घेणं आमच्या परंपरेत बसत नाही. शिवाय हे काम सौरऊर्जेच्या विरोधात असल्यामुळे सर्वांनी उत्साहाने हातभार लावला. मागच्या बिऱ्हाडांनी शिडी दिली, धूरवाल्यांनी स्वतः पॅनेलं वर चढवली. वायरमनने चार दिवसांत काम उरकलं.

त्या मंगळवारी पाच वाजून दहा मिनिटांनी, वीज गेलेली असताना, लिफ्ट खाली आली. बाई पर्स सावरत बाहेर पडल्या आणि बाकावर जाऊन बसल्या.

"किती जाड झालीस गं!" नर्सबाई म्हणाल्या.

"तू वरून बारीक दिसायचीस," बाई म्हणाल्या.

मग दोघी इतक्या हसल्या की दंतवैद्य आशेने बाहेर आले. इतिवृत्तात मी 'पाहणी समाधानकारक' एवढंच लिहिलं.

याला सहा महिने झाले. बाईंचा मासिक अहवाल नियमित येतो, 'तिरीप अद्याप आढळली नाही, अभ्यास सुरू आहे.' बाकीचे तेवीस अध्यक्षही स्वस्थ बसलेले नाहीत. दर शनिवारी सहाला, वीज नसताना, ते (तळमजल्यावरचे वगळता) लिफ्टने खाली उतरतात आणि या इमारतीत सौरऊर्जा का शक्य नाही यावर दोन-दोन तास चर्चा करून लिफ्टनेच वर जातात. जनरेटरवर चादर घातली आहे आणि पुनर्वसन उपसमिती आळीपाळीने त्याला भेटून येते.

मूळ ठराव अर्थातच प्रलंबित आहे. तो नेमका कोणामुळे अडला, हे शोधण्यासाठी मी घरोघर छापील अर्ज वाटले. चाळीसच्या चाळीस बिऱ्हाडांनी 'इतरांमुळे' या चौकटीत खूण केली. मी तीनदा मोजलं. चाळीस जण निर्दोष आहेत म्हटल्यावर दोष एक्केचाळिसाव्या बिऱ्हाडाचा असणार, हे उघड आहे. आमचा शोध सुरू आहे.

एक अर्ज शिल्लक आहे. आत्ता हे वाचता वाचता आपण मान डोलावून 'लोक असेच असतात' असं म्हणालात, तेव्हा पत्ता तेवढा कळवावा. हाताची खुर्ची पुसून ठेवली आहे.