उशीएवढा पाव

लेकीला जुळं झालं, ते वर्ष. बटणांच्या कारखान्यातले गेटवाले काका आजोबा झाले आणि त्याच वर्षी त्यांनी अख्खी कंपनी बंद पाडली. एका पावाने!

लेक परदेशी भाषा शिकवायची, लांब राहायची. फोनवर काका सवयीने म्हणाले, "कंपनी बरी चाललीय."

"बाबा, कंपनी हा शब्द कुठला, माहितीय? मूळ लॅटिन. 'कोम' म्हणजे सोबत, 'पानिस' म्हणजे पाव. एकाच पावातलं वाटून खातात ते सोबती, त्यांची कंपनी! फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, सगळ्यांकडे हाच शब्द. आणि आपला पावसुद्धा त्या पानिसचाच नातू, पोर्तुगिजांबरोबर आलेला."

काकी गेल्यापासून काका गेटच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून डबा खायचे. तोही सगळ्यांचं जेवण उरकल्यावर, कारण गेट सोडायचं कसं? म्हणजे इतकी वर्षं ते कंपनीत नव्हतेच!

"शनिवारी बघच पोरी! साहेबांसकट सगळ्यांना एका पावावर बसवतो!"

शनिवारी काकांनी उशीएवढा पाव आणला. जेवणाची घंटा झाली तसं गेटला टाळं ठोकलं, किल्ली खिशात टाकली आणि जेवणघरात मधल्या टेबलावर पाव ठेवून बसले.

"काका, आज इथे? मोडा की मग!" पॅकिंगच्या मावशी म्हणाल्या.

"साहेब खाली आल्याशिवाय मी घास घ्यायचा नाही!"

झालं! मावशींचा हात डब्यावरच थांबला. "अगं बाई! काकांनी अन्न सोडलं!"

पटापट डबे मिटले. "काका उपाशी, तर आम्हीही उपाशी!"

"अरे, जेवा रे सगळे! जेवायलाच तर बोलावतोय!"

"बघा, स्वतः उपाशी आणि काळजी आपली!" फोरमनच्या डोळ्यांत पाणी आलं.

वर टायपिस्टबाईंनी खिडकीतून पाहिलं. गेटला टाळं, बाहेर ट्रकवाले भोंगे वाजवून दमलेले. त्या धावतच साहेबांकडे गेल्या. "साहेब, संप! गेटसुद्धा बंद केलंय!"

साहेब खाली आले, पण दारातच थबकले. "मागणी काय, काका?"

"एकच. इथे बसा आणि तुकडा मोडा."

साहेबांनी पावाकडे असं पाहिलं, जणू आत बॉम्ब आहे! "मला शब्दांत पकडू नका. अर्ध्या शनिवारचंच ना? वर्षभर तेच ऐकतोय. घ्या, दिला! दर शनिवारी दुपारी सुट्टी. आजपासून! पण ते टाळं काढा!"

एकच जल्लोष! काकांना खांद्यावर घेऊन मिरवत गेटपर्यंत नेलं. टाळंही त्यांनी खांद्यावरूनच वाकून उघडलं.

"काका, तुमच्यामुळे आज घरी पोरांबरोबर जेवणार बघा!" मावशी म्हणाल्या आणि सुटल्या. मागोमाग बाकीचे. सर्वांत शेवटी साहेबांची गाडी.

काकांनी जेवणघरातून पाव परत आणला. गेटच्या खोलीत उरले काका आणि उशीएवढा पाव.

फोन वाजला. मागे जुळ्यांचा रडण्याचा दंगा. "बाबा, बसवलीत का कंपनी? कोण कोण आलं?"

काकांनी तोंडातला घास पाण्याबरोबर ढकलला. "अख्खी कंपनी! अगं, पाव पुरला नाही!"

पुढच्या मार्चमध्ये काका वारले. गेटच्या खोलीत, शनिवारी दुपारी. कंपनीला सोमवारी कळलं.